उसवता येणारा कोट : प्रकल्प नोंदी

काम: पुरुषांचा दोन बटणी लोकरी कोट, पूर्ण कॅनव्हासचा (म्हणजे आकार धरणारं आतलं ताठर कापड खांद्यापासून काठापर्यंत, टाक्यांनी लावलेलं), बहुतेक हातशिलाईचा. छाती १००, कंबर ८८, पाठीची लांबी ७४, बाही ६३. सगळी मापं सेंमीत. चांगल्या कोटाचं मोल नेमकं कशात असतं, ते शिवता शिवता टिपायचं आहे. हातात घेतलेलं गृहीतक एवढंच: जो कोट शिवण न् शिवण उसवता येतो आणि पुन्हा तसाच शिवता येतो, तोच जवळ ठेवण्याजोगा.

६ जानेवारी : कापड

वर्स्टेड (विंचरलेल्या लांब तंतूंच्या गुळगुळीत सुताची) लोकर, गडद निळी, २/२ ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांची वीण. पन्हा १५० सेंमी, लांबी २.२० मीटर. या मापाच्या कोटाला १.८० मीटर पुरतं. वरचे ४० सेंमी पुढच्या दुरुस्त्यांसाठी मुद्दाम घेतलेत. वजन मीटरला ३४० ग्रॅम. हा आकडा पूर्ण पन्ह्याच्या एका मीटरचा. चौरस मीटरला तेच कापड साधारण २२७ ग्रॅम भरतं. दोन्ही पद्धतींनी वजन सांगितलं जातं, म्हणून दोन कापडं ताडून बघताना आधी एकक विचारावं.

काठावर 'सुपर १००' असं विणलेलं आहे. हा आकडा फक्त तंतूच्या जाडीचा. सुपर १०० म्हणजे सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. सुताला पीळ किती, सूत एकेरी की दुहेरी, वीण किती घट्ट, यातलं काहीही त्यातून कळत नाही. सुपर १५० हाताला लोण्यासारखं लागतं, पण कोपरं आणि खिशाच्या कडा लवकर झिजतात आणि सुरकुती सहज जात नाही. रोज अंगात जाणाऱ्या कोटाला सुपर १०० ते ११० आणि मीटरला ३०० ग्रॅमच्या वरचं कापड, हाच आमचा कौल.

दोन तपासण्या केल्या. कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून उलटा पीळ दिला. दोन्ही धाग्यांचे दोन-दोन पदर सुटले. आडवा धागा एकेरी असलेलं कापड स्वस्तात पडतं, पण ते लवकर लुळं होतं. मग कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडला. घड्या अर्ध्या मिनिटात उकलल्या.

८ जानेवारी : आटवणी

कापडावर ५० × ५० सेंमीचा चौकोन पांढऱ्या दोऱ्याने टाचला. संपूर्ण कापड ओल्या सुती चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवलं, सकाळी सपाट पसरून वाळवलं, मग फडक्यावरून भरपूर वाफ दिली. चौकोन उभ्या धाग्यात ४९.५ आणि आडव्यात ४९.८ भरला. अर्धा सेंमी किरकोळ वाटतो. पण ७४ च्या पाठीत तो पाऊण सेंमी होतो, आणि आतला कॅनव्हास आटला नाही तर पुढचा भाग खालून फुगतो. कॅनव्हास, लिननची पट्टी आणि खिशांचं कापडही गार पाण्यात भिजवून, न पिळता वाळवलं. ही पायरी गाळलेला कोट पहिल्या ड्रायक्लीनिंगनंतर चुगली करतो.

९ जानेवारी : दोन जुने कोट उसवले

तुलनेसाठी. पहिला फ्यूज केलेला: पुढच्या कापडाला आतून गोंदाच्या बारीक ठिपक्यांचं ताठर कापड उष्णतेने चिकटवलेलं. छातीच्या खिशाखाली कापडाला फोड आले होते. अस्तर सोडल्यावर दिसलं की फोडांच्या जागी गोंद सुटलाय आणि आजूबाजूला तो पक्का आहे. इस्त्रीने पुन्हा चिकटवू गेलं की गोंद वितळून कापडाच्या दर्शनी बाजूला डाग उमटतो. सुट्टं करू गेलं तर कापडाची लव गोंदासकट निघून येते. म्हणजे हा भाग दुरुस्त होत नाही. शिवणींतलं मार्जिन सगळीकडे १ सेंमी, तेव्हा सैल करायलाही जागा नाही.

दुसरा कॅनव्हासचा, पहिल्यापेक्षा जुना. अस्तर मुंढ्याजवळ फाटलेलं, कॉलर झिजलेली. पण आतलं सगळं टाक्यांवर उभं होतं. दोन तासांत कॅनव्हास आख्खा बाहेर आला. पाठीच्या आणि बाजूच्या शिवणींत अडीच-अडीच सेंमी दाबून ठेवलेलं. नवं अस्तर आणि नवी वरची कॉलर घातली की हा कोट पुन्हा उभा राहील.

फ्यूजिंग सरसकट वाईट नाही. नीट तापमानाला, नीट दाबाने केलेलं वर्षानुवर्षं टिकतं आणि कोट हलका होतो. अडचण एकच: ते सुटलं की पुढे रस्ता नाही. विकत घेताना न उसवता ओळखायचं असेल तर खालच्या काजाच्या खाली कोटाचं दर्शनी कापड एका चिमटीत आणि आतलं दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच विलग करावं. मध्ये तिसरा पदर सुटा सरकताना लागला तर कॅनव्हास आहे. छातीत तो लागतो आणि खाली लागत नाही, तर अर्धा कॅनव्हास. तोही चांगला सौदा असू शकतो.

१२ जानेवारी : कॅनव्हासची कापणी

तीन थर. अंगाचा कॅनव्हास लोकर आणि बकरीच्या केसांचा, खांद्यापासून थेट खालच्या काठापर्यंत. त्यावर छातीपुरता घोड्याच्या केसांचा तुकडा. त्यावर मऊ फेल्टसारखं डॉमेट.

घोड्याच्या केसांच्या कापडात उभा धागा सुती आणि आडवा म्हणजे शेपटीचा एकेक अख्खा केस. त्यामुळे या कापडाचा पन्हा केसाच्या लांबीएवढाच. उभ्या दिशेने ते सहज वळतं, आडव्या दिशेने स्प्रिंगसारखं परत येतं. म्हणून केस छातीवर आडवे, लॅपलच्या (कॉलरखालच्या, छातीवर उलटणाऱ्या पट्टीच्या) घडीकडून मुंढ्याकडे ठेवले. उलट लावलं तर छातीची गोलाई महिन्याभरात बसते. केसांची टोकं दाभणासारखी असतात, कडा उघड्या राहिल्या तर अस्तरातून, कधी थेट कापडातून बाहेर येतात. म्हणून डॉमेट चारी बाजूंनी १ सेंमी मोठं कापलं आणि हा तुकडा लॅपलच्या घडीपासून १.५ सेंमी मागे ठेवला.

खांद्यावर कॅनव्हासला ७ सेंमीची चीर देऊन टोकाशी १ सेंमी उघडली, मध्ये पाचर शिवली. खांद्याचं हाड पुढे येतं, त्याला ही जागा. मग तिन्ही थर एकत्र टाचून ओलसर फडक्यावरून इस्त्रीने वाटीसारखी गोलाई दिली. कॅनव्हास गार होईपर्यंत फळीवरून हलवला नाही. वाफेने आणि उष्णतेने लोकरीतले हायड्रोजन बंध सैल होतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. गरम असतानाच उचललं की आकार सुटलाच.

१५ जानेवारी : कटिंग

सगळे भाग एकाच दिशेने मांडले. वर्स्टेड गुळगुळीत असलं तरी उलट-सुलट लावलेल्या भागांची छटा उजेडात वेगळी दिसते. मार्जिन: पाठीची मधली शिवण २.५, बाजू २.५, पुढचा खांदा १.५, बाहीची मागची शिवण २, बाहीचं तोंड ५, खालचा काठ ४. मुंढा आणि पुढची कड फक्त १, कारण तिथे जाडी चालत नाही. सगळ्या शिवणरेषा दुहेरी सैल दोऱ्याने टाचून, पदर विलग करून मधले दोरे कापले. खडू इस्त्रीत पुसतो, दोरा राहतो.

मुंढा वर ठेवला, काखेच्या जेमतेम अडीच सेंमी खाली. तयार कपड्यांत तो बराच खाली असतो, म्हणजे कोणाच्याही अंगात जातो. पण हात वर केला की अख्खा कोट वर येतो आणि कॉलर मानेपासून सुटते. नवख्याला लहान मुंढा घट्ट वाटेल. हालचाल मात्र त्यातच मोकळी होते.

२० जानेवारी : कच्चा कोट, पहिली ट्रायल

खिसे नाहीत, अस्तर नाही. पांढऱ्या सुती दोऱ्याने सगळं कच्चं टाचलं. तीन दोष दिसले.

पाठीत कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी. मानेपाशी पाठीचं कापड जास्त. चिमटीत धरलं तर ०.८ सेंमी, तेवढा मागचा गळा खाली घेतला.

उजव्या बाजूला मानेकडून मुंढ्याकडे तिरकी ओढ. उजवा खांदा डाव्यापेक्षा १ सेंमी उतरता. त्या बाजूला खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाशी १ सेंमी दाबली आणि मुंढा तेवढाच खाली खणला. मुंढा खणायचं विसरलं तर तो लहान होऊन बाही तिथेच चुकते. नुसतं खांद्याचं पॅड जाड करूनही ओढ जाते, पण मग खांदा ओझ्यासारखा दिसतो.

बटण लावल्यावर पुढचे दोन्ही पदर खाली गरजेपेक्षा जास्त फाकत होते. पुढची लांबी पाठीच्या मानाने कमी. पुढच्या खांद्यातल्या दीड सेंमीपैकी मानेच्या बाजूचे ०.७ सोडले, पदर जागेवर आले. हे दीड सेंमी कटिंगला राखले नसते तर पुढचे दोन्ही भाग नव्याने कापावे लागले असते.

नवे टाचे घालून कोट पुन्हा सुट्टा केला, सगळे भाग इस्त्री करून सपाट.

२५ जानेवारी : खिसे

छातीचा पट्टीचा खिसा, किंचित होडीसारखा वाकवलेला. खाली दोन कापाचे खिसे, फ्लॅपसह. पाइपिंग (खिशाच्या तोंडाची अरुंद पट्टी) ५ मिमी. प्रत्येक तोंडामागे लिननची पट्टी, नाहीतर वर्षभरात खिसा हसायला लागतो. कोपऱ्याचा काप शेवटच्या टाक्याच्या एक धागा अलीकडे थांबवायचा. कमी कापलं तर कोपरा चुणतो, जास्त कापलं तर भोक. अख्ख्या कोटात न उसवता येणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत त्यांतली ही एक, म्हणून इथे कात्री लावण्याआधी मापं तीनदा घेतली.

२८ जानेवारी ते २ फेब्रुवारी : लॅपलचं पॅडिंग

कॅनव्हास पुढच्या भागाला लांब टाक्यांनी लावला. लॅपलच्या घडीवर लिननची पट्टी, मधल्या तिसऱ्या भागात ८ मिमी आखूड ओढून. या आखूडपणामुळे घडी छातीला चिकटून राहते. पट्टी सरळ लावली तर पुढे वाकताच लॅपल छातीपासून सुटते.

मग पॅडिंग, म्हणजे कॅनव्हास आणि कापड एकत्र धरणारे बारीक टाके. घडीपासून सुरुवात करून तिला समांतर ओळी, दोन ओळींत ८ मिमी, टाकाही ८ मिमी. टोकाकडे दोन्ही ५ मिमीवर आणले. लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवरून वळवून धरायची, कापड बोटाकडे आणि कॅनव्हास वर. या वळणामुळे कॅनव्हास कापडापेक्षा केसभर लांब बसतो आणि लॅपल सोडली की आपोआप छातीकडे वळते. टेबलावर सपाट ठेवून तेच टाके घातले तर लॅपल पुठ्ठ्यासारखी उभी राहते. सुईने कापडाचा फक्त एक धागा उचलायचा. कापडाखालच्या बोटाला सुईचं टोक जाणवतं न जाणवतं तोच वळायचं. दोरा रेशमी, रंग कापडाचा. एका लॅपलला साडेतीनशे ते चारशे टाके.

डाव्या लॅपलच्या सहा ओळी उसवल्या. दोरा आवळला गेला होता आणि मागच्या बाजूने खोल खळगे दिसत होते. सैल टाक्यानेही बारीक ठिपके दिसतातच. लॅपल उलटून उजेडात तिरकी धरली तर दिसतात. टाके दिसणं हा दोष नाही, पॅडिंग झाल्याची ती खूण. कापड ओढलं गेलं तर दोष.

शेवटी वाफ, लाकडी ठोकळ्याचा दाब, गार होईपर्यंत थांबणं. घडीवर इस्त्री कधीच नाही. घडी गोल वळली पाहिजे, चिरली नाही पाहिजे.

६ फेब्रुवारी : कडा आणि फेसिंग

कॅनव्हास कडेपासून ३ मिमी आत कापला, कडेवर लिननची पट्टी हातशिलाईने. फेसिंगला (पुढच्या कडेला आतून लागणारा, लॅपल उलटल्यावर दिसणारा कापडाचा भाग) लॅपलच्या टोकाशी ३ मिमी ढील ठेवली. ढील नसेल तर टोकं वर वळतात आणि कितीही इस्त्री केली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वळतात.

९ फेब्रुवारी : कॉलर

खालची कॉलर मेल्टनची (दाट, फेल्टसारखी लोकर), उरेब म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली; आत लिननचा कॅनव्हास, तोही उरेब. मानेलगतच्या उभ्या पट्टीत दाट टाके, पडत्या भागात विरळ. बाहेरची कड इस्त्रीने ओढून लांबवली, मानेची कड आकसवली, तेव्हा कॉलर घोड्याच्या नालेसारखी वळली. आधी फक्त खालची कॉलर टाचून अंगावर पाहिली. मागे शर्टाची कॉलर १.२ सेंमी दिसते, मान हलवली तरी फट पडत नाही. वरची कॉलर तुरपाईने बसवली. ती झिजली की बाकी कशालाही हात न लावता बदलता येईल.

१४ ते १८ फेब्रुवारी : बाही

मुंढ्याचा घेर ४८, बाहीच्या माथ्याचा ५२. हे ४ सेंमी जास्तीचं कापड चुणी न पडता जिरवायचं. वाटणी: माथ्याच्या पुढे १.८, मागे १.६, उरलेले ०.६ खाली. कडेपासून ५ मिमीवर बारीक धावदोरा घालून ओढला, लाकडी उशीवर वाफ देत आकसवला. लोकर हे करू देते; कृत्रिम धागा जास्त असलेल्या कापडात चुणी जात नाही.

पहिल्यांदा लावलेली डावी बाही मागच्या बाजूला खळगली. बाही ६ मिमी पुढे फिरली होती, त्यामुळे मागची ढील एका जागी साचली. उसवून माथ्याची खूण पुन्हा जुळवली. मग हात सैल सोडून तपासलं: बाही अर्धा फ्लॅप झाकते, मागे तिरकी वळी नाही. वळी मागे पडली तर बाही पुढे फिरवायची, पुढे पडली तर मागे.

मुंढ्याची पक्की शिवण हाताने, मागच्या टाक्याने. मशीनची टीप इथे ताठ राहते. हातटीप हालचालीबरोबर ताणते. माथ्याखाली उरेब कापलेली वाडिंगची (मऊ, कापसासारख्या भरावाची) ३ सेंमी रुंद पट्टी. नेपल्सच्या शिंप्यांची रीत वेगळी: पट्टीऐवजी शिवणीचं कापड खांद्याकडे दाबून, शर्टासारखी बाही बसवतात. तो खांदा सुंदर दिसतो, पण या ताठ ट्विलला शोभला नसता.

२२ फेब्रुवारी : अस्तर

क्युप्रोचं. कापसाच्या बोंडावरच्या बारीक तंतूंपासून बनतं, घाम शोषतं आणि बाहीत हात सहज सरकतो. पॉलिएस्टर जास्त टिकतं, पण आत उबट होतं. पाठीत २ सेंमीची चुणी, खालच्या काठाला १ सेंमीचा झोल. अस्तर तोकडं पडलं तर ते कापडाला आतून ओढतं आणि बाहेरून दोष कटिंगचा वाटतो. मुंढा, गळा, काठ सगळं तुरपाईने, म्हणजे ब्लेडने अर्ध्या तासात उघडता येईल.

२६ फेब्रुवारी : काजं आणि बटणं

बटणं शिंगाची, पुढे २० मिमी, बाहीला १५. प्रत्येकाची रेघ वेगळी. गरम पाण्यात भिजत ठेवलं तर शिंगाचे पदर सुटतात. कोरोझो, म्हणजे ताडवर्गीय झाडाची टणक बी, हाही उत्तम पर्याय.

पुढचं काज २.३ सेंमी, टोकाशी ४ मिमीचा गोल. हातकाजात आधी कापतात, मग शिवतात. मशीन बहुतेकदा आधी शिवतं, मग कापतं, म्हणून मशीनच्या काजातून कापडाचे धागे डोकावतात. कड बारीक टाक्यांनी बांधली, कडेने जाड पिळाचा दोरा ठेवला, त्यावर रेशमी दोऱ्याचे काजटाके. प्रत्येक टाक्याची गाठ कापाच्या ओठावर बसली पाहिजे, एकही आडवी पडता कामा नये. टाका ओढताना दर वेळी दोरा आधी वर, मग बाहेर. एका काजाला चाळीस मिनिटं. लॅपलच्या काजामागे फुलाच्या देठासाठी दोऱ्याचा फासा.

बाहीला चार बटणं, पण तोंडालगतची दोन काजं शिवलेली दिखाऊ, वरची दोन खरी. चारही खरी असणं हल्ली उंचीपणाची खूण समजतात. पण तोंडालगतचं काज कापलं की बाहीची लांबी तिथून बदलता येत नाही; मग खांद्याकडून बाही काढावी लागते, ते आठ पट काम. राखून ठेवलेले पाच सेंमी अशाने फुकट जातात.

बटणाला मेणाचा लिननचा दोरा, मान (बटण आणि कापड यांच्यामधला दोऱ्याचा देठ) ४ मिमी.

१२ एप्रिल : सहा आठवडे वापरानंतर

आठवड्यातून दोनदा वापर. वापरल्यावर ब्रश, मग किमान एक दिवस विश्रांती, खांद्याशी ५ सेंमी जाडीच्या लाकडी हँगरवर. ड्रायक्लीनिंग एकदाही नाही. कॅनव्हास अंगाच्या उबेने आणि ओलाव्याने छातीवर बसला आहे. उजवी-डावीकडचा फरक पहिल्या ट्रायलपेक्षाही कमी दिसतो.

बटण लावल्यावर कंबरेशी अस्पष्ट फुलीसारखी ओढ. कंबर दीड सेंमीने वाढली आहे. अस्तराची पाठ ३० सेंमी उसवली, पाठीची मधली शिवण कंबरेत दोन्ही बाजूंनी ०.८ सोडली, वर आणि खाली शून्यावर नेली. जुन्या टीपेची रेघ ओल्या फडक्यावरून दोनदा वाफ दिल्यावर गेली. अस्तराच्या चुणीत जागा होतीच. अडीच तासांचं काम.

आतल्या खिशात कापडाचा १० × १५ सेंमीचा तुकडा, दोन सुटी बटणं आणि मार्जिनची चिठ्ठी आहे. चिठ्ठीत 'पाठ, कंबरेशी' या ओळीतले २.५ खोडून १.७ लिहिलं.